डोकोबाचं माप

१

शिल्पदालनाचं दार उघडलं तेव्हा पहारेकऱ्याला वाटलं, ताई नेहमीसारख्या डोकोबाच्या पायाशी बसून काहीतरी मोजताहेत. "आज फारच लवकर आलात, ताई!" असं म्हणून तो एकेक दिवा लावत पुढे गेलासुद्धा. मग त्याला फरशीवरचं रक्त दिसलं, आणि तो जो धावत सुटला तो थेट रस्त्यावर जाऊन थांबला.

"बाई, या वेळी मी तुम्हाला कामासाठी बोलावलेलं नाही," इन्स्पेक्टर दारातच म्हणाला. "बहीण म्हणून बोलावलंय. आत यायलाच पाहिजे असं काही नाही."

बाई वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायच्या. मुलं त्यांना पाठीमागे 'हाडवाल्या बाई' म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कुठे पाया खणताना हाडं निघाली की इन्स्पेक्टरची गाडी त्यांच्या दारात उभी राहायची. इतक्या वर्षांत त्यांनी कधी मान फिरवली नव्हती. आज मात्र दालनाचा उंबरा ओलांडायच्या आधी त्यांनी चौकटीला हात टेकला. सगळं संग्रहालय जिला ताई म्हणायचं ती त्यांची खरीखुरी, थोरली बहीण होती.

ताई ओट्याला टेकून, गुडघे दुमडून बसल्यासारखी होती. वार मागून झाला होता, एकच, आणि जोराचा. बाईंनी नुसतं पाहिलं आणि डोळे मिटले.

"ती वळली नाही," त्या म्हणाल्या. "मागे कोण आहे ते तिला माहीत होतं, आणि तिला त्याची भीती वाटत नव्हती."

"आणि हे," इन्स्पेक्टरने खाली बोट दाखवलं. ताईच्या अंगाखाली दबलेल्या मुठीत कॅलिपर होता, मूर्तिकार वापरतात तसा वाकड्या पायांचा, चिमट्यासारखा. त्याचे पाय ठराविक अंतरावर उघडून मधला स्क्रू घट्ट पिळलेला होता. "काहीतरी मोजत असणार."

वर डोकोबा उभा होता. नदीच्या गाळातून निघालेला, दोन तुकड्यांत सापडलेला, मानेशी जोडलेला दगडी पुरुष. इन्स्पेक्टर मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला.

"याला डोकोबा का म्हणतात हो? मला तर डोकं बेताचंच वाटतंय."

बाईंनी ते ऐकलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ओट्यामागे एक लाकडी मोगरी पडली होती, तिच्या दांड्यावर पांढऱ्या प्लॅस्टरची बोटं उमटलेली होती, आणि ती मोगरी कुणाची हे त्यांना विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

"कुणाची आहे ही, बाई?" इन्स्पेक्टरने तरीही विचारलं.

"माझ्या भाच्याची," बाई म्हणाल्या. "ताईच्या मुलाची."

२

त्याला सगळे पिठ्या म्हणायचे. संग्रहालयाच्या मूर्तींचे साचे घेऊन त्यांच्या प्रतिकृती ओतायचं त्याचं काम. अंगावर सदा प्लॅस्टरचं पीठ. लहानपणी ताई त्याला दारातच झटकून आत घ्यायची. आज पोलिसांच्या बाकावर तो तसाच पांढरा बसला होता, आणि झटकायला कुणी नव्हतं.

"मोगरी माझीच आहे, मावशी. ओट्याची भेग बुजवत होतो दिवसभर. पिशवी तिथेच ठेवून आलो. कोणीही उचलली असेल."

"भांडण कशाचं झालं?"

पिठ्याने खाली पाहिलं. "तुलाही कळलं?"

"अंगणात ओरडत होतात म्हणे. अख्ख्या कचेरीने ऐकलं."

"मला छताची नक्षी ओतणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय. लांब आहे. आई म्हणाली, तू गेलास तर यांना कोण बघेल? म्हणजे मूर्तींना. माझं टाळकंच फिरलं. मी म्हटलं, तू दगडांचीच आई आहेस, माझी नाहीस." त्याचा आवाज चिरकला. "मावशी, तेच माझं शेवटचं बोलणं झालं गं तिच्याशी."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला पीठ लागलं.

संग्रहालयाचे संचालक मात्र स्वतःची खुर्ची सोडायला तयार नव्हते. कपाळावर घाम, पण बोलणं गुळगुळीत. डोकोबाला परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं होतं. पेटीसुद्धा तयार होती. अडलं होतं ते ताईंच्या सहीवर.

"नीट तपासल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या. तिकडे तज्ज्ञ बसतील, भिंगं लावून बघतील, आधी आपण बघू. आता काय सांगू तुम्हाला! मी हात टेकले होते."

"दालनाची किल्ली तुमच्याकडे असते?"

"असते ना. पण मी काल लवकरच घरी गेलो."

"पहारेकरी म्हणतो, तुमच्या खोलीत दिवा होता."

संचालकांचा चेहरा पडला. "होतो. फोनवर होतो. ताईंना वगळून परवानगी काढता येते का, ते विचारत होतो. हे कुणाला कळलं तर माझी खुर्ची जाईल, म्हणून खोटं बोललो. पण बाई, मी त्या खोलीतून हललो नाही."

बाई उठल्या. दाराशी गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "डोकोबाची मापं कुठेतरी लिहिलेली असतील ना?"

"पुस्तिकेत आहेत की. ताईंचे गुरू, ते मूर्तिकार सर, त्यांनीच दिलीत. नऊच्या नऊ चेहरे!" संचालक एवढ्या टेन्शनमध्येही हसले. "सरांनी डोकोबाचा दोष कधी छापूच दिला नाही हो. ताईंनी किती वाद घातला, पण सर म्हणजे सर."

३

सरांना गाव पाठीमागे 'नऊमुखे सर' म्हणायचं. मूर्तिकार म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता, आणि प्राचीन मूर्तींच्या मापांवर त्यांचा शब्द शेवटचा. ताई त्यांच्याकडेच शिकली होती. लग्न ठरलं तेव्हा तिने आधी सरांना सांगितलं, मग घरात.

कार्यशाळेत पाऊल टाकलं आणि बाईंना विचित्र वाटलं. चारी भिंतींना माणसं उभी होती, मातीची, प्लॅस्टरची, दगडाची, आणि सगळ्यांची अंगलट एकच. कुणी जाड नाही, कुणी बुटकं नाही, कुणाचा खांदा उतरलेला नाही. त्यांच्यामधून चालताना बाईंना आपलं शरीरच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

"ती माझी मुलगीच होती," सर म्हणाले. डोळे लाल झाले होते. "आणि पिठ्या माझा नातू. त्याला म्हणावं, घाबरू नकोस. चांगला वकील मी देतो. माझं घर विकावं लागलं तरी देतो."

या दोन दिवसांत पिठ्याच्या बाजूने बोललेला हा पहिलाच माणूस होता.

"सर, ताईच्या हातात कॅलिपर होता. ती काय मोजत असेल?"

"काय मोजणार? चेहरा. सगळं त्यावरच उभं आहे." सर बोलता बोलता एका कच्च्या मातीच्या डोक्यापाशी जाऊन उभे राहिले, कुणा विद्यार्थ्याने अर्धवट सोडलं असावं. "केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत एक चेहरा. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, तोही तेवढाच. अख्खा देह असे नऊ चेहरे. जुन्या लोकांनी देवांचे देह असे बांधले. उगाच नाही."

"माझ्या टेबलावर इतकी वर्षं माणसं येताहेत सर, नऊ चेहऱ्यांचं एकही आलं नाही."

"म्हणूनच ती मरतात, बाई," सर म्हणाले.

हा विनोद असावा म्हणून बाई हसायला गेल्या, पण सर हसले नव्हते. त्यांचा अंगठा त्या कच्च्या डोक्याच्या हनुवटीवरून फिरला आणि मातीची एक पापुद्र्याएवढी चकती खाली पडली. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"आणि डोकोबा?"

"पाथरवटाची चूक," सरांनी तोंड कडू झाल्यासारखं केलं. "ताई म्हणायची, तो उंच कोनाड्यात उभा असणार, खालून बघणाऱ्याला डोकं लहान दिसू नये म्हणून मुद्दाम मोठं केलं. प्रेमळ होती. चुकीलाही कारण शोधायची." त्यांनी मधल्या ओट्यावर हात टेकला. "मागच्या वर्षी मानेचा सांधा सैल झाला, तेव्हा इथेच होता तो. इथे, या ओट्यावर. मी त्याची सेवा केली, पण तो मला कधी आवडला नाही."

बाहेर पडल्यावर बाईंनी मोठा श्वास घेतला. रस्त्यावर एक ढेरपोट्या माणूस सायकल ढकलत चालला होता, आणि त्याला बघून त्यांना फार बरं वाटलं. तेवढ्यात मनात काहीतरी खटकलं. इन्स्पेक्टर काल काय म्हणाला होता? डोकं बेताचंच वाटतंय.

४

"कॅलिपर हवाय," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "स्क्रूला हात न लावता. आणि एक शिडी."

दालनात दुपारचं ऊन तिरकं आलं होतं. फरशी धुतली होती, तरी बाई त्या जागेला वळसा घालून गेल्या.

"मागच्या वर्षी मान सैल होईपर्यंत ताई शाळेच्या मुलांना एक गंमत दाखवायची," त्या सांगू लागल्या. "एक दोरी डोकोबाच्या हातावर धरायची, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि तेवढ्या मापाला कापायची. मग तीच दोरी चेहऱ्याला लावायची. दोरी एक बोट कमी पडायची. मुलं ओरडायची, डोकोबा, डोकोबा! घरी माझी टोपी मला बसायची नाही, तेव्हा मलाही ती हेच नाव लावायची."

त्यांनी कॅलिपरचे पाय डोकोबाच्या हाताला लावले. बरोबर बसले. मग त्या शिडीवर आणखी वर चढल्या. डोकोबाचे मिटल्यासारखे डोळे त्यांच्या डोळ्यांसमोर आले. एक पाय केसांच्या रेषेवर, दुसरा हनुवटीखाली.

बरोबर बसला. केसभरही कमी पडला नाही.

हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता, आणि तरीही तो चेहरा हा नव्हता.

"हे डोकं डोकोबाचं नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बदललंय. ताईला तेच सापडलं होतं, म्हणून तिने स्क्रू पिळून ठेवला. माप हलू नये म्हणून."

इन्स्पेक्टरने शिडी धरून बाईंना खाली उतरवलं, अगदी जपून.

"बाई, हे तुम्ही सांगायला नको होतं. मी तुम्हाला सांगणार नव्हतो, पण आज सकाळी आम्ही पिठ्याच्या शेडची झडती घेतली. गोण्यांच्या मागे लपवलेला एक साचा मिळाला. डोकोबाच्या डोक्याचा."

बाईंनी कॅलिपर त्याच्या हातात परत दिला.

"आत्तापर्यंत माझ्याकडे नुसती मोगरी आणि भांडण होतं," तो म्हणाला. "आता कारणही मिळालं. मुलाने नकली डोकं बसवलं, आईने पकडलं."

५

घरी जाऊन बाई ताईच्या खुर्चीवर बसल्या. कुणाला सांगायला नको, पण त्या क्षणी त्यांना वाटलं, केलं असेल पोराने. टाळकं फिरलं की त्याला भान राहत नाही. लहानपणी त्याने रागाच्या भरात ताईचं आवडतं मडकं फोडलं होतं आणि नंतर ते रडत रडत जोडलं होतं. बाईंना स्वतःची किळस आली, तरी ती शंका मनातून हलेना. आईविना झालेलं पोर, आणि त्याची मावशीच त्याला फासाकडे ढकलतेय. पण खरं असेल तर? ताईला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी त्या कोठडीच्या गजांशी उभ्या राहिल्या. नेहमीचं काही विचारलं नाही.

"साचा का लपवलास?"

"आईने सांगितलं होतं." पिठ्याचे डोळे सुजले होते. "डोकोबा सरांकडे जायच्या आधी घेतला आम्ही. काही झालंच तर असावा म्हणून. पण सरांना साच्यांचा तिटकारा आहे गं. साचा म्हणजे चोराची कला म्हणतात. त्यांना कळलं असतं तर वाटलं असतं, आमचा त्यांच्यावर विश्वास नाही. म्हणून आई म्हणाली, कुठे बोलू नकोस."

"म्हणजे सरांना साचा आहे हे ठाऊकच नव्हतं?"

"कुणालाच नव्हतं."

बाईंनी गज घट्ट धरले. "पिठ्या, साच्यातून डोकं ओतलं आणि ते जरा लहान करायचं असलं, तर?"

पिठ्या इतक्या दुःखातही त्यांच्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "लहान कसं होईल? मावशी, साच्यातून जे निघतं ते जसंच्या तसं. नाकावरच्या टवक्यासकट. साच्याला कुठे अक्कल असते चूक सुधारायची?"

बाईंच्या डोळ्यांसमोर मातीची एक पातळ चकती फरशीवर पडली.

६

इन्स्पेक्टर आधी ऐकायलाच तयार नव्हता. मग दोन शिपायांच्या पहाऱ्यात का होईना, पण त्याने पिठ्याला त्याच्या शेडमध्ये नेलं. पिठ्याने प्लॅस्टर कालवलं. ते डोकोबाच्या डोक्याच्या साच्यात ओतलं.

दालनात डोकोबाच्या पायाशी टेबल मांडलं. संचालक आले, घाम पुसत. सर काठी टेकत आले, बाईंच्या हातावर थोपटून खुर्चीत बसले. टेबलावर ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"हे बदललेलं डोकं आहे," बाईंनी वर बोट दाखवलं. "आता ते कुणी केलं एवढंच शोधायचं. संचालकांना दगडाला छिन्नी लावता येत नाही. पिठ्याकडे साचा होता, पण त्याला नकली डोकं करायचं असतं तर त्याने साच्यातूनच काढलं असतं. मग ते असं निघालं असतं."

त्यांनी फडकं उचललं.

पांढराशुभ्र डोकोबा सगळ्यांकडे बघत होता. रुंद गाल, जड हनुवटी, नाकावर टवका. बाईंनी कॅलिपर लावला. एक बोट कमी पडला. दाराशी उभा असलेला पहारेकरी नकळत म्हणून गेला, "अरे, हा बघा आपला डोकोबा!"

"वरचं डोकं साच्यातून निघालेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता दगडासारखा झाला होता. "ते कुणीतरी हाताने कोरलंय. आणि असा माणूस, ज्याला खरं माप तोंडपाठ होतं. चोरी पचवायची तर चूक तशीच उतरवायला हवी, हे त्याला कळत होतं. पण त्याचा हात ऐकेना. त्याने आयुष्यात कधी चुकीचा चेहरा कोरलेलाच नाही. त्याला तो कोरताच आला नाही. सर, तुमच्या कार्यशाळेत अशी चारी भिंतींना माणसं आहेत."

संचालकांनी आपली खुर्ची सरांपासून थोडी बाजूला ओढली.

सर टेबलावरच्या डोक्याकडे बघत होते. हळूच त्यांचा हात पुढे आला आणि अंगठा त्या ओल्या प्लॅस्टरच्या हनुवटीवर टेकला. तो खरवडायला लागला होता. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"साचा होता?" सरांनी विचारलं, अगदी बारीक आवाजात. "ताईने सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही दुखावाल म्हणून."

सर खुर्चीत मागे टेकले. एकदम फार म्हातारे दिसायला लागले.

"सांधा सोडवताना डोकं माझ्या हातून निसटलं," ते म्हणाले. "माझ्या हातून! फरशीवर पडून तुकडे झाले. ज्या हातांवर सगळं जग विश्वास ठेवतं, ते थरथरायला लागलेत, हे मी कुणाला सांगू? नवीन कोरलं. चहाच्या पाण्याने, काजळीने जुनं केलं. एक वर्ष कुणाला कळलं नाही. त्या संध्याकाळी मी सहज आलो, तर ती मोजमाप आटोपून, हातात कॅलिपर घेऊन पायाशी बसली होती. मान न वळवताच म्हणाली, सर, किती सुंदर काम केलंत, पण आता हे सांगायला हवं. उद्या आपण दोघं मिळून सांगू." त्यांनी ओठ दाबले. "दोघं मिळून म्हणाली. पिठ्याची पिशवी तिथेच पडली होती, वरच मोगरी."

"आणि पिठ्याला फासावर जाऊ दिलं असतंत तुम्ही?" बाई ओरडल्या. "त्याला वकील देणार होता ना? घर विकून?"

इन्स्पेक्टरने त्यांना उठवलं तेव्हा ते काठी विसरले. दारातून वळून त्यांनी एकदा वर पाहिलं, आपण कोरलेल्या चेहऱ्याकडे.

खऱ्या डोक्याचे तुकडे कार्यशाळेतल्या मातीच्या पिंपात, तळाशी सापडले. फडक्यात बांधून ठेवले होते, एक कपचीही टाकून दिली नव्हती.

पिठ्या सुटून आला तेव्हा बाई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्याने बाजूला पडलेलं एक पोतं उचललं, परत ठेवलं, आणि मग विचारलं, "मावशी, तुला कधी वाटलं का, मीच केलं असेल?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. ताई असती तर आहे ते माप हलू नये म्हणून तिने कॅलिपरचा स्क्रू घट्ट पिळला असता.

"वाटलं," त्या म्हणाल्या. "साचा सापडला त्या दिवशी. घरी तिच्या खुर्चीत बसून मी तसा विचार केला."

पिठ्याचे डोळे भरले, आणि बाईंना वाटलं, हा आता निघून जाणार. कंपनीत, लांब, कायमचा. त्यांनी तरी त्याला कुठल्या तोंडाने अडवायचं?

त्याने टेबलावर फडकं पसरलं आणि गाठोडं सोडलं. डोकोबाचे तुकडे. त्यात एक मोठी, जड हनुवटी होती. ती उचलून त्याने बाईंच्या हातात दिली.

"धर," तो म्हणाला. "मी म्हणेपर्यंत सोडू नकोस. हिच्यापासूनच जोडायला लागू."